मागचे काका

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवत जा. ही काय करते, काय विसरते, कुठे जाते, सगळं. मी म्हटलं, मी घड्याळजी आहे, लेखक नाही. त्या म्हणाल्या, मग तारीख घाला आणि बिघाड लिहा, तेवढं तर येत असेल. बाई तोंडाळ आहे, पण मला आवडली.

म्हणून दुकानातली दुरुस्तीची एक कोरी वही घरी आणली. तीत तारीख, वस्तू, बिघाड, शेरा असे चार रकाने छापलेले आहेत. बायकोला वस्तूच्या रकान्यात घालायचं जिवावर आलं, तेव्हा रकाने ओलांडून आडवं लिहितो आहे.

तर बिघाड. ही एकोणसाठ वर्षांची, मी चौसष्टचा. दोन वर्षांपासून हिचं विसरणं चालू आहे. आधी चष्मा विसरली, मग गॅस, मग शेजारीण, आणि अलीकडे अधूनमधून मला. ते एक वेळ चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात लेकीचे इथे राहिलेले बूट हिने कपाटातून काढले, पायांत घातले, नाड्यांना दुहेरी गाठ मारली आणि पहाटे सव्वापाचला दार उघडून धावत सुटली. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ही लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. ते सोडून तीस वर्षं झाली. आता रोज सव्वापाच. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आजचा वार सांगता येत नाही, पण सव्वापाच चुकत नाही.

कुलूप लावून पाहिलं. दारावर डोकं आपटून घेतलं, कपाळाला हे एवढं टेंगूळ. लेकीने कुठे आहे ते दाखवणारं मनगटी यंत्र आणलं, ते हिने गटारात फेकलं. घड्याळजीची बायको, पण मनगटावर काही टिकू देत नाही. काल मी सायकल काढली. मागून सायकलचा आवाज आला की ही किंचाळते, आणि कालव्यावर चढायला पायऱ्या आहेत तिथे सायकल नि मी दोघेही गडगडत खाली आलो. सायकलचं पुढचं चाक आठासारखं झालं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांचे पाय अजून शाबूत आहेत. धावू द्या. फक्त एकटं सोडू नका."

सोडू नका म्हणे. या वयात मी धावायचं.

१४ फेब्रुवारी

धावलो. म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत धावलो, पुढे जे केलं त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, एका दुधाच्या गाडीवाल्याने थांबून विचारलं, काका, पोचवू का कुठे?

हिचा रस्ता रोज एकच. गल्ली, मोठा रस्ता, कालव्याची पायवाट, आणि शेवटी पाण्याची मोठी टाकी. घरापासून साडेचार किलोमीटर. टाकीच्या आवाराला पुढे एक आणि मागे एक अशी दोन फाटकं आहेत. ही पुढच्या फाटकाने आत शिरते, टाकीला वळसा घालते आणि आल्या वाटेने परत येते.

फाटकावरचा वॉचमन भारी शिस्तीचा प्राणी आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची असा नियम, म्हणून रजिस्टरात आमचीही करतो. नाव विचारलं तर हिने सांगितलं नाही आणि मला तेव्हा बोलता येत नव्हतं. तेव्हा त्याने हिच्यापुढे लिहिलं 'धावणाऱ्या बाई' आणि माझ्यापुढे 'मागचे काका'. मी धापा टाकत विचारलं, ती जाऊन किती वेळ झाला? म्हणाला, बारा मिनिटं.

बारा मिनिटं मागे. लिहून ठेवतो.

२ मार्च

 रात्री उशिरा लिहितो आहे.

आज मी टाकीपाशी पोहोचलो तेव्हा वॉचमन मागे नळावर तोंड धूत होता. वाटेत ही परत येताना भेटायला हवी होती, ती भेटलीच नव्हती.  वळसा न घालता ही मागच्या फाटकाने सरळ बाहेर पडली होती, हमरस्त्याला.

साडेअकराला सापडली. तेरा किलोमीटरवर, बसच्या डेपोत, बाकड्यावर. टाचा सोलवटून मोज्यांना रक्त लागलेलं. एका कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होती की शेवटचा टप्पा किती राहिला. तो बिचारा सांगत होता, आजी, बस इथेच सुटते. मला पाहून म्हणाली, तुम्ही पंच का? मी हो म्हटलं. काय म्हणणार?

संध्याकाळी लेक आली. आईच्या टाचा धुतल्या, मलम लावलं, तिला निजवलं. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, एकदाच सांगते. आई परत हरवली तर मी तिला केंद्रात नेणार. तुम्ही सही करा नाहीतर नका करू."

ते केंद्र मी पाहिलेलं आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अकरा किलोमीटरवर. स्वच्छ आहे, माणसंही वाईट नाहीत. पण तिथल्या दारांना आकडे दाबायचे असतात, आणि आकडे आतल्यांना सांगत नाहीत.

मी म्हटलं, हरवणार नाही. ती म्हणाली, कशावरून? मी तिच्यावर ओरडलो. बापाला अक्कल शिकवू नकोस वगैरे. ती न जेवता गेली.

३ मार्च

वॉचमनला भेटून आलो. मी येईपर्यंत मागचं फाटक लावून ठेवतो म्हणाला. पण सप्टेंबरअखेरपर्यंतच. ऑक्टोबरात नवे साहेब येणार आहेत, त्यांना ते फाटक उघडं लागतं. नियमात बसत नाही काका, माझी नोकरी जायची, म्हणाला. त्याचं खरं आहे.

म्हणजे सात महिने. सात महिन्यांत टाकीपाशी हिच्याबरोबर पोहोचायचं. हिचा हात धरायचा आणि वळवायचं, बस. मग कसलं केंद्र नि कसलं काय.

२१ मार्च

दुकानात एक निवृत्त मास्तर आले, दोन्ही काखांत दोन भिंतीवरची घड्याळं. म्हणे, पंधरा दिवसांपूर्वी हे दिवाणखान्यातलं स्वयंपाकघरातल्याच्या दहा मिनिटं मागे होतं, आता दोनच मिनिटं मागे आहे. आपोआप सुधारलं, फक्त तेलपाणी करा.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मास्तर, ते सुधारलं कशावरून? स्वयंपाकघरातलं मागे पडलं नसेल कशावरून? दोन घड्याळांतल्या फरकावरून काही कळत नसतं, त्याला तिसरं लागतं, बरोबर चालणारं. माझ्या दुकानातल्याशी ताडून दाखवलं. स्वयंपाकघरातलंच लंगडत होतं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. शिकलेल्या माणसाला एवढं साधं कळू नये म्हणजे कमाल आहे.

आज फरक दहा मिनिटं. गुडघा सुजला आहे, पण दोन मिनिटं कमावली.

१७ एप्रिल

आज ही माझ्याशी बोलली. धावताना.

परत फिरली होती, मी फाटकाजवळच समोरून येत होतो. रोज बाजूने निघून जाते, मग मी फाटकावर फरक विचारून वळतो आणि जमेल तसा मागे येतो. आज वेग कमी केला, माझ्या जोडीने आली आणि नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "काका, नवीन दिसताय. खांदे खाली घ्या. कानाला लागलेत खांदे तुमचे."

मी खांदे खाली घेतले. आणि काय सांगू, खरंच श्वास मोकळा झाला. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकून माझे खांदे तसेच थिजलेले आहेत. ते या बाईने एका नजरेत ओळखलं. मला मात्र ओळखलं नाही.

घरी आल्यावर चहा दिला तर म्हणाली, अहो, साखर कमी आहे. म्हणजे घरी 'अहो' आणि रस्त्यावर 'काका'. एकाच बाईचे आपण दोघे आहोत असं वाटायला लागलं आहे.

फरक नऊ.

९ मे

हे लिहावं की नाही, दिवसभर विचार करत होतो. डॉक्टरीणबाई वाचतील. वाचू देत.

आता परतीच्या वाटेवर ही रोज थोडा वेळ माझ्याबरोबर धावते. नवख्याला शिकवावं तसं चालतं. श्वास नाकाने घ्या, चढावर पाऊल लहान टाका, असं. आज विचारलं, घरी कोण असतं तुमच्या? मी म्हटलं, बायको. तिलाही आणत जा की, म्हणाली. मी म्हटलं, आणतो.

मग आपणहूनच सांगायला लागली. "आमचे हे कधी बघायलासुद्धा आले नाहीत. बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती, सहावी आले मी. तीन तास एकतीस मिनिटं. घरी येऊन सांगितलं, तर भिंगातून डोळा न काढता म्हणाले, तुमच्या लोकांचं घड्याळ चुकीचं असेल."

मी पाऊल लहान टाकलं आणि धावत राहिलो. 

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "त्यांनी चेष्टेनेच म्हटलं होतं हो. पण त्यानंतर मला काही धावावंसं वाटलं नाही."

मला हे म्हटलेलं आठवत नाही. अजिबात आठवत नाही. आमच्यात विसरभोळी ती आहे असं कागदोपत्री तरी आहे. पण वाक्य माझंच आहे, शंका नको. असली वाक्यं मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो आणि ते हसतात. तेव्हा मला वाटलं असेल की हीपण हसली. मी समजत आलो की लेक झाली, संसार वाढला, म्हणून हिने धावणं सोडलं. लोकांना तसंच सांगत आलो.

तीस वर्षं ही माझ्यासमोर बसून जेवली आणि हे बोलली नाही. सांगितलं ते एका परक्या म्हाताऱ्याला.

१० मे

फरक आठ. बाकी काही नाही. दुकान उघडलं नाही.

२८ जून

लेक जेवायला आली होती. मी तिला वही दाखवली. बारा, दहा, नऊ, आठ, आणि आज चार. म्हटलं, बघ तुझा बाप. चौसष्टाव्या वर्षी साडेचार महिन्यांत आठ मिनिटं कापली. डोळ्यांत तेल घालून सराव करतो आहे.

ती म्हणाली, छान आहे बाबा. पण तिचं लक्ष आईकडे होतं. आई किती वाळली आहे, म्हणाली. मी म्हटलं, रोज नऊ किलोमीटर धावणारं माणूस वाळणारच. मग म्हणाली, आईच्या नाड्या कोण बांधतं? मी म्हटलं, मी बांधतो, ही गाठ मारता मारता मध्येच थांबते आणि सव्वापाच टळले की चिडते, त्यापेक्षा मी बांधलेलं बरं.  लेक ताटातला भात चिवडत बसली. आपल्या लोकांना कौतुक करायला जड जातं, दुसरं काय.

जाताना मात्र दारात तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. म्हणजे वही पाहून थोडा विश्वास बसला असावा.

६ ऑगस्ट

फरक दोन मिनिटं. आता पायवाटेवर ही मला पूर्ण वेळ पुढे दिसते. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आज चक्क थांबली होती. कुठे वळायचं असा चेहरा करून उभी होती, आणि मी पोहोचलो तशी माझ्यामागून निघाली. माझ्यासाठीच थांबली असणार. माणूस ओळखत नसली तरी सोबतीची सवय झाली आहे.

बोलणं कमी झालं आहे. तेही चांगलंच. धावताना बोलू नये असं हिनेच मला शिकवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. ९ मेच्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, तुम्ही नुसता फरकच का लिहिता हो? मी म्हटलं, मला फरकाशीच मतलब आहे. त्यांनी मान हलवली आणि औषधाची मात्रा वाढवून दिली.

१९ सप्टेंबर

बरोबर!!

दोन उद्गारचिन्हं मी आयुष्यात कधी काढली नव्हती. आज टाकीच्या फाटकातून आम्ही जोडीने आत शिरलो. खांद्याला खांदा. सप्टेंबर संपायला अकरा दिवस राखून. वॉचमन उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मी हिचा हात धरला, हिने धरू दिला, आणि आम्ही वळसा घातला. हिचा हात गार होता.

लेकीला फोन केला. म्हटलं, झालं बरं का. आता फाटक उघडं असो की बंद असो, तुझी आई माझ्या हातात आहे. ती नुसती हुं हुं करत होती. सर्दी झाली आहे म्हणाली.

दुकानात दिवसभर शीळ घालत होतो. शेजारच्या शिंप्याने विचारलं, लॉटरी लागली का?

२७ सप्टेंबर

आज मी पुढे होतो.

टाकीपाशी पोहोचलो, मागे वळून पाहिलं तर ही पायवाटेच्या वळणावर होती. पाय ओढत येत होती. डावा पाय जमिनीला घासत होता. मला वाटलं, बुटात खडा गेला असेल.

वॉचमन खूष. म्हणाला, काका, आज तुम्ही पहिले, या, बघा, नाव बदलून लिहितो. त्याने रजिस्टर माझ्यापुढे केलं. आजवर मी ते कधी हातात घेतलं नव्हतं. रोज तोंडीच विचारायचो, ती जाऊन किती मिनिटं झाली, आणि घरी येऊन तेवढंच वहीत लिहायचो. रजिस्टरात वेळा होत्या. त्याच्या खोलीतल्या घड्याळावरच्या. ते घड्याळ दोन वर्षांपूर्वी माझ्याच दुकानातून दुरुस्त होऊन गेलेलं आहे, आठवड्याला एक सेकंद चुकत नाही.

पानं उलटली. फेब्रुवारीत मागचे काका पाच छप्पन्न. मेमध्ये पाच बावन्न. जूनमध्ये पाच बावन्न. जुलैत पाच बावन्न, एकदा त्रेपन्न. ऑगस्टात पाच बावन्न. मेनंतर मी जागचा हललो नव्हतो.

मग वरची ओळ वाचली. धावणाऱ्या बाई. पाच चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. पन्नास. बावन्न. आजची जागा अजून कोरी होती.

निघायची वेळ दोघांची रोज एकच, सव्वापाच.

मी त्या मास्तरांना तोंडावर काय काय बोललो होतो. दोन घड्याळांतल्या फरकावरून काही कळत नसतं. माझ्याच तोंडचं वाक्य, सहा महिन्यांपूर्वीच्या पानावर, माझ्याच अक्षरात. नाड्या, कोपरा, गप्प होणं, सगळं मीच लिहून ठेवलं आहे आणि खाली शेरा मारला आहे की चांगलं चाललंय. लेकीला कळलं होतं. डॉक्टरीणबाईंना कळलं होतं. चार महिने ही माझ्या डोळ्यांसमोर बंद पडत होती आणि मी शीळ घालत होतो.

ही आली, पाच अठ्ठावन्नला. वॉचमनच्या खुर्चीजवळ थांबली आणि पुढे काय करायचं ते न कळून उभी राहिली. मी हात धरला. चालत घरी आणलं. एक तास चाळीस मिनिटं लागली.

३० सप्टेंबर

तरी रोज निघतो. सव्वापाचला ही दारापाशी उभी राहते, पाय पुढे करते, मी नाड्या बांधतो. धावणं असं नाही, पण निघतो. कोपऱ्यापर्यंत, कधी कालव्यापर्यंत.

आता मला धावता येतं आणि धावायला कोणी नाही.

२ नोव्हेंबर

कालव्याच्या पायऱ्यांवर बसली आणि उठेना. पडली नाही, नुसती बसली. दोन तास. मी समजावलं, ओढलं, रागावलो, पायांशी बसून विनवण्या केल्या. कपडे खराब झाले होते. उचलायला गेलो तर दोघेही कोलमडलो, आणि हिने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. शेवटी दुधाच्या गाडीवाल्याने नि वॉचमनने मिळून आणलं. घरी आंघोळ घालताना ओरडत होती, हे कोण आहेत, यांना बाहेर काढा. 'यांना' म्हणजे मला.

मी हात टेकले. हे वाक्य लिहायला पाऊण तास लागला.

लेकीला फोन मीच केला. म्हटलं, तू म्हणाली होतीस ती सही कुठे करायची असते? पलीकडे ती रडायला लागली. मार्चपासूनचं सगळं एकदम रडली. मी म्हटलं, आई हरवली नाही हं. मी हरवू दिली नाही. ती म्हणाली, माहीत आहे बाबा.

२४ नोव्हेंबर

केंद्रात बारा दिवस झाले. मी रोज जातो. पहिली बस सातची, बदलून पोहोचेपर्यंत सव्वाआठ होतात. तोवर ही झोपलेली असते. झोपवलेली असते. सिस्टर म्हणाल्या, काय करणार, सव्वापाचला उठतात आणि दारावर धडका मारतात. चालता येत नाही धड, तरी भिंतीला धरून दारापर्यंत जातात. सात वाजेपर्यंत वाट बघतो, मग औषध द्यावंच लागतं.

दुपारी जागी होते तेव्हा माझ्याकडे बघते, पण नजर आरपार जाते. इथे आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. मी पिशवीतून बिस्किटं काढतो, वार सांगतो, तारीख सांगतो, कोणाचं घड्याळ आलं ते सांगतो. सिस्टर म्हणतात, बोलत राहा. बोलतो.

लेक म्हणाली, रोजची गाडी लावून देते, पहाटे घेऊन जाईल. मी म्हटलं, बघू.

अकरा किलोमीटर. सातच्या आत.

१५ डिसेंबर

हिचे बूट केंद्राने परत पाठवले होते, ते दारात होते. माझे शेजारी. पाचला उठून मी माझे घातले आणि दुहेरी गाठ मारली. गाडीला फोन करायला हात गेला नाही.

थंडी होती. गल्ली, मोठा रस्ता, आणि कोपऱ्यावर रोजच्या उलट्या बाजूला वळलो. पुलाच्या चढावर पाऊल लहान टाकलं. नाकाने श्वास घेतला. सातव्या किलोमीटरनंतर गुडघा बोलायला लागला, त्याला बोलू दिलं. नवव्यानंतर रडायला येत होतं, पण रडताना धावता येत नाही, दोन्हींपैकी एकच जमतं, तेव्हा धावलो. एवढं अंतर मी उभ्या आयुष्यात धावलेलो नाही. रस्त्यात कोणी पुढे नव्हतं आणि कोणी मागे नव्हतं.

केंद्राच्या दाराशी सिस्टरने मला पाहिलं आणि घाबरून आकडे दाबले. ही आत दारालाच टेकून जमिनीवर बसली होती. हाताच्या पेरांची सालटं गेली होती. मी समोर बसलो, बसलो म्हणजे कोसळलोच. शर्ट ओलाचिंब, तोंडातून वाफ, बोलायला दम नव्हता. थोड्या वेळाने बोललो.

"पाच पंधराला निघालो, सहा बावन्नला पोहोचलो. सत्त्याण्णव मिनिटं. तुझी ती वेळ बरोबर होती. तीन तास एकतीस. घड्याळ बरोबर होतं. मीच चुकीचं बोललो."

काही कळल्यासारखं दिसलं नाही. मला तशी आशाही नव्हती. 'काका' म्हणाली असती तरी मला चाललं असतं.

पण ही माझ्याकडे बघत होती. आरपार नव्हे, माझ्याकडे. धापा टाकणाऱ्या छातीकडे, मग गळ्याकडे. मग हिचा उजवा हात उचलला गेला, हवेत जरा अडखळला आणि माझ्या खांद्यावर आला. आणि तिने तो खांदा खाली दाबला.

मी खांदे खाली घेतले.

सात वाजता सिस्टर औषध घेऊन आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन परत गेल्या.